खोप मे महिन्यात हवी, तर दिवाळीला कोयता काढा

एप्रिल लागला की ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतो. रानात बांबूची खोप घालायचीय, वर गवताचं छप्पर, वळीव यायच्या आत होईल ना? माझं उत्तर ठरलेलं असतं: होईल, पण पुढच्या वर्षी. समोरच्याला वाटतं मी अंग काढून घेतोय. तसं नसतं. खोप उभी करायला चार माणसांना दहा-बारा दिवस पुरतात. पण तिचा बांबू कार्तिक-मार्गशीर्षात तुटलेला असावा लागतो, गवत त्याच सुमारास कापलेलं असावं लागतं, आणि सगळं खडखडीत वाळेपर्यंत माघ-फाल्गुन उजाडतो. एप्रिलमध्ये जो बांबू हाताला लागतो, तो कुणी कधी तोडलाय हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

मी पाटण तालुक्यातला, कोयनेच्या खोऱ्यातला. पहिली खोप मी कुणाला न विचारता बांधली. जुलैत बांबू तोडला, कारण तेव्हा हाताला काम नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात खोपीत भाकरी खायला बसलो की ताटात वरून बारीक पिवळसर पीठ पडायचं. पिठल्यात पीठ म्हणून सुरुवातीला हसलो. दिवाळीपर्यंत तीन वासे हाताने मोडावेत इतके पोकळ झाले. वाडीतल्या आबांनी एक तुकडा नखाने उचकटून दाखवला आणि म्हणाले, "पावसाळ्यात बांबू गोड असतोय बाबा. गोडाला मुंगळा लागायचाच." आबांचं सगळं शास्त्र त्या एका वाक्यात होतं. बांबूत पिष्ट साठतं आणि भुंगेरे त्यासाठीच आत शिरतात. कोंब फुटण्याच्या नि वाढीच्या दिवसांत बांबूत पाणीही भरपूर असतं. थंडीत पाणी आणि पिष्ट दोन्ही कमी होतं, म्हणून तोड थंडीत. अंधाऱ्या पंधरवड्यातच तोडावा असंही जुनी माणसं सांगतात. मी ते पाळतो, त्यात काही जात नाही. पण अमावास्या साधली आणि महिना चुकला, तर भुंगा पंचांग बघत बसत नाही.

खाली लिहितोय ते १० बाय १२ फुटांच्या खोपीपुरतं. नवख्याने याहून मोठं काही हाती घेऊ नये. राहतं घर किंवा पर्यटकांसाठी मजल्याची झोपडी बांधायची असेल तर बांबू जाणणारा इंजिनिअर गाठा. बांबूच्या बांधकामाचं भारतीय मानक, आयएस १५९१२, त्याच्या टेबलावर असायला हवं. अवजारं, चारा, पंपाचं सामान आणि दुपारची एक झोप एवढ्यासाठी मात्र स्वतःचे हात पुरतात.

बांबूच्या बेटात शिरण्याआधी

आपल्याकडे चार नावं कानावर पडतात. मानवेल जाड भिंतीचा, काही ठिकाणी जवळजवळ भरीव, खांब-वाशांना उत्तम. कळक काटेरी, उंच, पोकळ. बेटातून ओढून काढताना अंगाची चाळण करतो, पण चिरून कामट्या काढायला चांगला. माणगा कोकणातून घाट चढून येतो: काटे नाहीत, सरळ, बुंध्याकडे भरीव, म्हणून नवख्याच्या हाताला सगळ्यात सोपा. चिवा बारीक, तो कुडाला, म्हणजे विणून मातीने लिंपायच्या भिंतीला. गावोगावी ही नावं थोडी इकडची तिकडे होतात, तेव्हा नावापेक्षा भिंतीची जाडी आणि सरळपणा बघून घ्या.

स्वतःच्या बांधावरचं बेट असेल तर कागदपत्रांची भीती बाळगू नका. १९२७च्या भारतीय वन कायद्यात बांबू झाडांच्या व्याख्येत मोडायचा. २०१७च्या दुरुस्तीने वनाबाहेरच्या जमिनीवरचा बांबू त्या व्याख्येतून वगळला. मात्र राखीव जंगलातला बांबू, कारवी किंवा गवत हा वेगळा विषय आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झालाय. तिथली कारवी "आमचे आजोबा आणायचे" म्हणून आणायला जाऊ नका.

आता वय. बांबूचा कोंब पहिल्याच पावसाळ्यात पूर्ण उंची गाठतो. त्यानंतर तो ना उंच होतो ना जाड, फक्त आतून टणक होत जातो. म्हणजे उंची बघून वय कळत नाही. पहिल्या वर्षीचा बांबू लख्ख हिरवा असतो, अंगावर पांढरी भुकटी आणि पेरांवर, म्हणजे गाठींवर, कोंबाची सालपटं शिल्लक असतात. त्या सालपटांवर बारीक कुसं असतात, मानेत गेली की दिवसभर खाजवत बसाल. आपल्याला हवा तीन ते चार वर्षांचा: हिरवा फिका पडलेला, भुकटी गेलेली, अंगावर बुरशीचे करडे-पांढरे ठिपके, कोयत्याची मूठ मारली तर टणटण वाजणारा. कोवळा वाजतो धप्प. फार म्हातारा झाला की तोही ठिसूळ होतो. बेट स्वतःचं असेल तर दर पावसाळ्यानंतर नव्या बांबूंवर ऑइलपेंटने साल लिहून ठेवा. आमच्या बेटावर आता आकडे आहेत, त्यामुळे वयावरून वाद होत नाही.

नवे कोंब बेटाच्या कडेने फुटतात, जुने बांबू मधोमध अडकलेले असतात. म्हणून एका बाजूने वाट काढून आत शिरायचं आणि मधले काढायचे. कडेचे सोपे म्हणून कडेचेच तोडत राहिलात तर बेट गुदमरतं. कापायचा जमिनीपासून पहिल्या किंवा दुसऱ्या पेराच्या अगदी वर. दोन पेरांच्या मधोमध कापला तर खाली वाटीसारखा खळगा राहतो, त्यात पाणी साठतं आणि कुजणं मुळापर्यंत उतरतं. तोडलेला बांबू दोन-तीन आठवडे पानांसकट बेटालाच टेकवून उभा ठेवतात. पानं आतलं पाणी ओढून घेतात.

किती आणायचे? सरासरी २० फुटांचा एक नग धरून माझा हिशोब असा: वाशांना ८, आढ्याला (छपराच्या माथ्यावरच्या आडव्या बांबूला) २, भिंतीवरच्या आडव्या पाट्यांना २, खांबांना ४, आडबांबू आणि तिरप्या टेकूंना ६, छपराच्या कामट्यांना ७. झाले २९. नवख्याच्या हातून पाच-सहा फुकट जातातच, तेव्हा ३५ आणा. कुडाच्या कामट्या वेगळ्या.

भुंग्याशी आधीच मिटवून घ्यायचं

हा भाग कंटाळवाणा म्हणून लोक टाळतात. माझी पहिली खोप दोन वर्षांत बसली आणि दुसरी अजून उभी आहे, यातला फरक बहुतेक इथलाच.

जुनी रीत म्हणजे बांबू ओढ्यात किंवा डोहात बुडवून वर दगड ठेवायचे आणि तीन-चार आठवडे विसरून जायचं. पिष्ट पाण्यात उतरतं. बांबू बाहेर येतो तेव्हा वास असा असतो की घरचे अंगणात ठेवू देत नाहीत, पण भुंगा त्याच्याकडे फारसा वळत नाही. बुडवायचा म्हणजे पूर्ण बुडवायचा. अर्धा वर तरंगत राहिला तर त्या रेषेवरच कुजतो. दुसरी जुनी रीत चुलीवरच्या माळ्याची. धुरात काळा झालेला बांबू पिढी काढतो, पण ३५ बांबू मावतील एवढा माळा आता कुणाकडे आहे?

नवी रीत बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडची. १०० लिटर पाण्यात ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक ॲसिड. पाणी कोमट असलं तर लवकर विरघळतं. शेतात चर खणून त्यात जाड ताडपत्री अंथरली की हौद तयार. बुडवण्याआधी लांब टोकदार सळई बांबूच्या आरपार घालून आतले सगळे पडदे फोडायचे, नाहीतर द्रावण आतल्या पोकळीत शिरणार नाही. बांबूची साल मेणचट असते, तिच्यातून काही आत जात नाही. अख्खा बांबू ७ ते १० दिवस बुडवून ठेवा. चिरलेल्या कामट्यांना निम्मे दिवसही पुरतात. हातमोजे घाला, गुरं आणि पोरं चरापासून लांब ठेवा, उरलेलं द्रावण ओढ्यात सोडू नका. एक मर्यादाही लक्षात ठेवा: हे मीठ पावसात धुऊन जातं. ज्या बांबूवर पाऊस थेट पडणार किंवा जो मातीत गाडला जाणार, त्याला बोरॅक्स वाचवत नाही.

मग वाळवण. सावलीत, वारा खेळेल असा, उभा. उन्हात आडवा टाकलात तर पंधरा दिवसांत लांबच लांब चिरा पडतात. सहा ते आठ आठवडे धरा. ओल्या बांबूवर घातलेला बांध बांबू आकसला की सैल पडतो, आणि तो सैल पडल्याचं वळवाच्या वाऱ्यातच कळतं.

गवत की पाचट

बांबू पाण्यात असतो तेव्हा छपराच्या मागे लागायचं. डोंगरावरचं उंच गवत पावसाळ्यानंतर पिकून पिवळं पडलं की कापतात. कोवळं कापलं तर कुजतं, आणि फार उशीर केला तर वणवा तुमच्या आधी पोचतो. चार फूट तरी लांबी हवी. कापलेलं गवत मूठ-मूठ घेऊन दगडावर झोडा, म्हणजे कुसळं आणि बारीक पाला झडेल. हा पाला छपरात राहिला तर तोच पाणी धरून ठेवतो. काड्या तेवढ्या राहिल्या पाहिजेत.

कराड, वाळवा, पलूसकडच्या माणसाला डोंगर चढायची गरज नाही, ऊस दारात आहे. ऊसतोड मजुरांच्या कोप्या दरवर्षी उसाच्या पाल्यानेच शाकारलेल्या दिसतात. पाचट फुकट मिळतं, पण ते पानांचं, काड्यांचं नाही. त्यामुळे पाणी चटकन निथळत नाही, आणि दोन पावसाळ्यांनंतर वरचा थर काळा पडून चिखलासारखा होतो. शिवाय पाचट रानातच कुजवलं तर जमिनीला खत होतं, म्हणून शेतकरी आता ते सहज देतही नाहीत, आणि बरोबर करतात. भाताचा पेंढा मऊ असतो, एखादा-दुसरा पावसाळा काढतो. माझी पसंती डोंगरी गवताला. ते नीट बसवलं तर तीन-चार वर्षं वर बघावं लागत नाही. गवत कमी पडलं तर खालचा थर पाचटाचा आणि वरचा गवताचा करा. उलटं करू नका.

आपल्या खोपीच्या दोन्ही पाख्यांचं, म्हणजे छपराच्या दोन उतरत्या बाजूंचं, क्षेत्र मिळून ३०० चौरस फूट होतं. दाबून बसवल्यावर नऊ इंच जाडी राहायला हवी. हे सुकं गवत पाचशे किलोच्या आसपास जातं, भिजलं की आणखी जड होतं. बैलगाडीभर आणलं म्हणजे झालं असं समजून मी पहिल्या वेळी निम्म्यातच अडकलो होतो.

आखणी आणि पाय

जागा उंचवट्यावरची घ्या. चार खुंट्या ठोकून दोरी ताणा: १० फूट रुंद, १२ फूट लांब. काटकोन बघायला गवंड्याची जुनी युक्ती: एका कोपऱ्यातून एका दोरीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट मोजा, मधलं अंतर बरोबर ५ भरलं पाहिजे. शेवटी दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही साधारण १५ फूट साडेसात इंच यायला हवेत. एक कमी, एक जास्त आला तर खोप तिरकी आहे, आणि तो तिरकेपणा छपरापर्यंत वाढत जातो.

जुन्या खोपींत लाकडाच्या मेढी जमिनीत पुरायचे. मेढ म्हणजे वर बेचकं असलेला खांब, त्या बेचक्यात आढं बसतं. पक्क्या गाभ्याचं लाकूड असेल आणि खालच्या टोकाला डांबर असेल तर ते अजूनही चालतं. बांबू मात्र मातीत पुरू नका. वाळवी आणि ओल मिळून त्याला वर्ष-दोन वर्षांत संपवतात. आठ ठिकाणी दीड-दोन फुटांचे खड्डे घ्या: चार कोपऱ्यांना, लांब बाजूंच्या मध्यावर एकेक, आणि दोन्ही आखूड बाजूंच्या मध्यावर एकेक. त्यांत जमिनीच्या वर फूटभर येईल असं काँक्रीट भरा आणि प्रत्येकात १२ मिलिमीटरची सळई रोवा, वर दीड फूट मोकळी. खांबाच्या बुडाचे पडदे फोडून तो या सळईवर चढवायचा, बाजूला छोटं भोक पाडून त्यातून सिमेंट-वाळूचं पातळ मिश्रण ओतायचं. बांबूला ओल लागत नाही, आणि वारा खोप उचलू लागला तर सळई धरून ठेवते.

आढ्याखालचे मधले दोन खांब ११ फुटांचे, बाकीचे सहा ६ फुटांचे. बुंधा नेहमी खाली.

सांगाडा

उतार हा सगळ्या छपराचा जीव. गवताचं छप्पर पाणी अडवत नाही, ते पाण्याला थांबू देत नाही. साधा नियम: जेवढी अर्धी रुंदी, तेवढीच भिंतीपासून आढ्यापर्यंतची उंची. आपली अर्धी रुंदी ५ फूट, म्हणून उंची ५ फूट. उतार झाला ४५ अंशांचा. यापेक्षा कमी कधीच नको. बामणोली, महाबळेश्वरकडे तीच उंची ६ फूट करा, उतार ५० अंशांवर जातो. महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि त्याच सातारा जिल्ह्यात माण तालुक्याला त्याचा दहावा हिस्सा मिळतो. म्हणूनच माणदेशात सपाट धाब्याची मातीची घरं उभी राहिली आणि आमच्याकडे हात जोडल्यासारखी उभी पाखी. माण-आटपाडीकडे गवताची खोप घालणार असाल तर पावसापेक्षा वाऱ्याचा नि उन्हाचा विचार जास्त करा.

खांबांच्या डोक्याला माशाच्या तोंडासारखी खोबण कापा, म्हणजे आडवा बांबू त्यात नीट बसतो. खोबण पेराच्या जरा वर यावी. पेराला आत पडदा असतो, तिथे बांबू दबत नाही. पेरांच्या मधल्या पोकळ भागावर भार दिला की तो चिपाडासारखा चिरतो. आढं एका बांबूचं करू नका, दोन बांबू शेजारी बांधा, एकाचा बुंधा दुसऱ्याच्या शेंड्याकडे, म्हणजे जाडी सारखी होते. लांबी १५ फूट, दोन्हीकडे दीड-दीड फूट बाहेर.

वासे दोन-दोन फुटांवर, एका पाख्याला ८. वळचण भिंतीबाहेर दोन फूट काढायची, तर वासा १० फुटांचा होतो, म्हणजे एका बांबूत दोन. (५० अंशांचा उतार घेतलात तर वासा ११ फुटांचा होतो आणि एका बांबूत एकच निघतो, आठ बांबू जास्त आणा.) वळचण जमिनीपासून पाचच फुटांवर येईल. ती ठेंगणीच असावी, पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात आणि वाऱ्याला आत शिरायला तोंड राहत नाही. दार आखूड बाजूला ठेवा, नाहीतर आयुष्यभर वाकून जाल.

खिळा हा बांबूचा वैरी. थेट ठोकलात की बांबू उभा चिरलाच. खुंटी किंवा बोल्ट घालायचा तर आधी ड्रिलने भोक पाडा. बाकी सगळं बांधावर. काथ्याची दोरी तासभर भिजवून घ्या. ओली दोरी आवळून बांधली की वाळताना आणखी घट्ट धरते. केकताडाच्या (घायपाताच्या) वाखाचा दोर मिळाला तर त्याहून भारी, पण वाख काढणारी माणसं आता थोडी उरलीत. फेर घालायचा तो एका बांबूवरून दुसऱ्याखालून, इंग्रजी आठाचा आकडा काढतात तसा (आपल्या आठाने बांध बसणार नाही), आणि शेवटी दोन बांबूंच्या मधून दोर आडवा फिरवून आवळायचा. हा शेवटचा आवळ नवखी माणसं विसरतात. गुडघा बांबूला लावून ओढा. बोटाने दोर हलला तर सोडा आणि पुन्हा बांधा.

चारही कोपऱ्यांत तिरपे टेकू द्या. चौकोन कितीही घट्ट बांधा, ढकलला की कलतो. तिरपा बांबू घातला की त्रिकोण होतो आणि तो कलत नाही. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा भूकंप आमच्याकडे अजून घरोघर सांगितला जातो. जड दगड-मातीच्या भिंती माणसांवर कोसळल्या. हलकं छप्पर आणि लवचीक बांध अशा वेळी माणसाला निसटायला वेळ देतात, पण टेकूच नसतील तर बांबूची खोपही आडवी होते.

आता बांबू चार-चार फाकांत चिरून कामट्या काढा आणि वाशांवर आडव्या, नऊ-नऊ इंचांवर बांधा. एका पाख्याला १४ लागतात. चिरताना कोयता बुंध्याकडून घालू नका, शेंड्याकडून घाला. फाक एका बाजूला पळायला लागली तर जाड बाजू खाली वाकवा, चीर मधे परत येते. बुरूड हे बोलता-बोलता करतो. तुमच्या पहिल्या दहा कामट्या चुलीत जातील.

शाकारणी

इथे माणसं दोन हवीत, एक वर आणि एक आत, आणि दोघांचं एकमेकांशी पटायला हवं. मी आणि बायको करतो. कधी पटतं, कधी नाही.

गवताच्या मनगटाएवढ्या पेंढ्या बांधा. सुरुवात वळचणीपासून, बुडखा खाली आणि शेंडा वर. पहिली ओळ दुप्पट जाड, कारण सगळ्या छपराचं पाणी तिच्यावरून उतरतं. ओळ लावली की वरून एक लांब कामटी आडवी दाबायची आणि ती आतल्या कामटीला शिवायची. शिवायला बांबूचं हातभर लांब दाभण करा, टोकाला भोक, त्यात सुतळी. वरचा माणूस दाभण आत खुपसतो, आतला ती सुतळी कामटीभोवती घेऊन दाभण परत वर पाठवतो. आतल्याने तोंड बाजूला ठेवावं. दर फूटभर एक टाका. टाका आवळताना वरच्याने कामटीवर गुडघा द्यायचा, गवत बोटाने सहज निघायला नको.

पुढची ओळ अशी चढवा की खालच्या ओळीचा दोन-तृतीयांश भाग झाकला जाईल आणि खालचा टाका दिसणार नाही. उघडा टाका म्हणजे पावसाला दिलेली वाट. दर दोन ओळींनंतर खाली उतरून लांबून बघा. वर बसलेल्याला छप्पर सरळच वाटतं. खड्डा दिसतो तो खालून, आणि खड्ड्यात पाणी थांबतं.

आढ्यावर दोन्ही पाखी भेटतात, तिथेच बहुतेक छपरं गळतात. गवताचा जाड थर आढ्यावरून दोन्हीकडे वाकवून घाला, वर दोन्ही बाजूंनी बांबूच्या फुलीसारख्या जोड्या टाकून दाबा. मी या थराखाली तीन फूट रुंद जुनी ताडपत्री घालतो. आबांना ते पटत नाही. माझ्या आढ्यातून पाणी येत नाही, म्हणून ते बोलत नाहीत एवढंच. संपूर्ण पाख्याखाली मात्र प्लास्टिक घालू नका: आतली वाफ अडते, गवत खालून घामेजतं आणि कुजतं.

कूड

भिंतींचं थोडक्यात, कारण त्या चुकल्या तरी दुरुस्त होतात. खांबांमध्ये उभे चिवे रोवून त्यांतून आडव्या कामट्या विणा, टोपलीसारख्या. मालकीच्या रानात कारवी असेल तर तिच्या काड्या त्याहून सोप्या. माती काळी नको, ती वाळताना भेगाळते. तांबडी किंवा गावची पांढरी घ्या. त्यात शेण आणि भाताचं तूस मिसळून चार-पाच दिवस भिजत ठेवा, रोज तुडवा. दोन्ही बाजूंनी लिंपा, वाळून भेगा पडल्या की दुसरा हात, मग सारवण. खाली फूटभर दगडाचं जोतं ठेवा म्हणजे शिंतोड्यांनी कूड धुऊन जाणार नाही. वर छपराखाली वीतभर जागा मोकळी सोडा. वारा खेळतो आणि गवत कोरडं राहतं.

आग, उंदीर, पहिला पाऊस

चूल खोपीत नको. जुन्या घरांत असायची आणि धुराने छप्पर टिकायचं हे खरं, पण तिथे दिवसभर घरात कुणीतरी असायचं. रानातल्या खोपीत नसतं. दिव्याची वायर घ्यायची तर पाइपातून घ्या, गवताला लागू देऊ नका. खरा धोका शेजारच्या रानातला आहे. ऊस गेल्यावर कुणी पाचट पेटवलं की ठिणग्या वाऱ्यावर लांब येतात. खोपीभोवती तीस फूट जागा बोडकी ठेवा, आणि शेजाऱ्याला पेटवायच्या आधी सांगायला लावा. उंदीर येणार, मग त्यांच्या मागे धामण येणार. धान्य खोपीत ठेवलं नाही तर दोन्ही कमी येतात.

पहिल्या मोठ्या पावसाच्या दिवशी खोपीत खडू घेऊन बसा. नवं गवत सुरुवातीला थोडं ठिबकतं, फुगलं की आपोआप बसतं, तेव्हा लगेच घाबरू नका. तासाभरानंतरही जिथे ठिबकतंय, त्याच्या वरच्या कामटीवर खडूने खूण करा. ओल्या छपरावर चढू नका. गवत घसरतं आणि तुमच्या वजनाने शिवण सुटते. खुणा तशाच राहू द्या. चांगली उघडीप मिळून गवत वाळलं की शिडी पाख्यावर सपाट टाकून चढा, खुणेपासून हातभर वरची ओळ उचला, कारण पाणी शिरतं तिथे ठिबकत नाही, ते काडीवरून घरंगळत खाली येऊन ठिबकतं. तिथे दोन पेंढ्या खोचून टाका घाला. दिवाळीला सगळे बांध पुन्हा एकदा आवळा, आणि बेटावर साल लिहायला ऑइलपेंटचा डबा काढालच, तेव्हा कोयत्यालाही धार लावून घ्या. शेजाऱ्याच्या खोपीला ३५ बांबू लागणार आहेत.